खाकरण्यात गेलेला जांभळा रंग

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मी मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला उडालो, आन् कावून उडालो हे मला वरीसभर कळलं न्हाई. दही एकच हुतं. सरांनी घरून स्टीलच्या डब्यात आणलेलं, आन् बॅचमधल्या सगळ्यांनी त्याच्यातलंच थेंबभर काचेवर फासलेलं. रंग लावून धुतल्यावर बाकीच्यांचे जंतू जांभळे आले. माझे गुलाबी. आता दह्यातले जंतू जांभळेच येतात, हे पुस्तकात हाय, लॅबमधल्या तक्त्यावर हाय, लॅब झाडणाऱ्या मामालाबी पाठ हाय. पण मला गुलाबी दिसले, मी गुलाबी लिहिले, आन् निकाल लागल्यावर घरी गेलो.

घर शिरूर कासारच्या पलीकडं. वडलांची मेंढरं हायत. वडील रागावले न्हाईत, तेच वाईट. दोरी वळता वळता म्हणले, "आजूक एक बार बसून बघ. न्हाई निघालं तर मेंढरं काय कुठं पळून चालली न्हाईत."

मला मेंढरांचा राग न्हाई. पण मेंढराची नक्कल केली तर हसायला कोण असतंय? दुसरी मेंढरं. तीबी हसत न्हाईत, वळून बघतात आन् जवळ येतात.

माझी खोड तीच, नकला करायची. माणूस काय बोललं ते ध्यानात राहत न्हाई, कसं बोललं ते राहतं. आमचे सर बोलायचे ते असं, "हां. तर. आता अल्कोहोल." मग हनुवटी छातीला टेकायची, डोळे मिटायचे, आन् थंडीतला ट्रॅक्टर चालू व्हावा तसं खाकरणं चालू व्हायचं. ख्र्र्र. थांबायचं. परत ख्र्र्र. मग डोळे उघडून, "थेंब थेंब. आन् लगेच पाणी. समजलं का? न्हाई समजलं तरी लिहून घ्या."

माझ्या रूमवर तेलगावचा एक पोरगा हुता. पुस्तक उघडलं की त्याला झोप यायची. तो म्हणायचा, "बे, तुझ्या आवाजात नको सांगू. सरांच्यात सांग. ध्यानात राहतं." मग मी खांद्यावर टॉवेल टाकून, हनुवटी पाडून आख्खी जंतूची पेशी सांगायचो. बाहेरून कॅप्सूल, म्हंजे चिकट कोट. त्याच्या आत भिंत. भिंतीच्या आत पातळ पडदा. आत डीएनएचा गुंता, त्याला खोली न्हाई, तसाच पडलेला. रायबोसोमचे दाणे. आन् बाहेर फ्लॅजेला, म्हंजे शेपूट. तो ऐकून पास झाला. मी सांगून नापास. तिसऱ्या वर्षाला गेल्यावर मला म्हणला, "गुरुजी, तुमचा आशीर्वाद ऱ्हाऊ द्या."

खरं सांगायचं तर मला रंगाचं सोडा, बाकीचंबी कळत नव्हतं. तक्त्यावरचा जंतू हाताएवढा, त्याला शेपूट, अंगभर केसं, वरून कोट. लग्नाला निघाल्यासारखा. आन् मायक्रोस्कोपमधून बघितलं की नुसत्या बारक्या काड्या आन् दाणे. कुणी मोहरी सांडली आसं. मी पहिल्या दिवशी अर्धा तास शेपूट हुडकलं. शेजारची पोरगी म्हणली, "दिसलं." मागचा म्हणला, "दिसलं." मीबी म्हणलो, "दिसलं." कुणाला काय दिसलं हे कुणी कुणाला विचारलं न्हाई.

दुसऱ्या बारीला बसायच्या आदल्या आठवड्यात वडलांचा फोन आला. मेंढरं कातरायच्या आधी धुवायची कामं चालू हुती. मागं पाण्याचा आन् बें बें चा गोंधळ.

"काय शिकायलास?" वडलांनी विचारलं.

"जंतूची भिंत."

"जंतूला भिंत कावून?"

"फुटू नये म्हणून. आन् भिंत जाड असली की रंग धरती. पातळ असली की धुतल्यावर सोडती."

वडील म्हणले, "आपल्या मेंढरांच्या पाठीवरचा रंगाचा ठसा बघ की. लोकर दाट असली की पावसात बी जात न्हाई. पण यंदा तुझ्या चुलत्यानं एक मेंढी धू धू धुतली. दाट लोकरीची हुती. तरी गेला ठसा. आता ती आपली का त्याची, भांडण चालू हाय."

मी हसलो आन् फोन ठिवला. ते ध्यानात ठिवायचं असतं, हे काय मला तवा कळलं न्हाई.

परीक्षेच्या दिवशी तेच. दही, काच, दिव्यावर शेकणं. जांभळा रंग, पाणी, आयोडीन. पुढचं चुकू नये म्हणून मी मनात सरांना बोलावलं. मनातले सर म्हणले, "हां. तर. आता अल्कोहोल." मी बाटली काचेवर तिरकी केली, थेंब पडाय लागले. मनातल्या सरांनी हनुवटी टेकवली. घाबरलो की माझी नक्कल लांबती. ख्र्र्र. थांबले. ख्र्र्र. परत थांबले. मग आजूक थेंब थेंब, मग पाणी, मग शेवटचा गुलाबी रंग. काचेवर तेल टाकून बघितलं, तर निम्म्या काड्या जांभळ्या, निम्म्या गुलाबी. दुसरी काच करायला येळ नव्हता. मला शिरूरचा रस्ता दिसाय लागला.

तोंडी घ्यायला संभाजीनगरहून एक मॅडम आलत्या. शेजारच्या खुर्चीवर आमचे सर. मॅडम म्हणल्या, "पेशीभित्तिकेबद्दल सांग."

मी माझ्या आवाजात सुरू केलं. "भिंत म्हंजे मॅडम, भिंत ती अशी..." आन् मग कुणी ढकलल्यासारखी हनुवटी खाली गेली. "हां. तर. भिंत जाड, तर जांभळा रंग आत कोंडतो. भिंत पातळ, तर अल्कोहोल त्याला घेऊन जातं, मग शेवटचा गुलाबी चढतो. समजलं का?"

"समजलं," मॅडम म्हणल्या, आन् हळूच सरांकडं बघितलं. सर टेबलावरचं स्टेपलर बघत हुते. लई बारकाईनं.

मॅडमनी माझ्या काचेत डोकावलं. "दह्यातल्यांची भिंत जाड असते ना? मग हे निम्मे गुलाबी कसे?"

दह्यात दुसरं कायतरी पडलं असंल, असं म्हणता आलं असतं. मागच्या बारीला मी तसंच म्हणलो हुतो. पण मला ती मेंढी दिसली. दाट लोकरीची, ठसा गेलेली, दोन घरांच्या मधी उभी.

"माझ्याकडून लई धुतले गेले, मॅडम."

"किती वेळ धुतलेस?"

"खाकरून होईपर्यंत."

"कोण खाकरलं?"

मी सरांकडं बघितलं. आता लपवायचं म्हणलं तरी काय ऱ्हायलं हुतं. "सर."

"सर तर इथे माझ्याजवळ बसलेत."

"मनातले, मॅडम. मनातल्या मनात खाकरले. लांबलं जरा."

मॅडमनी पेन खाली ठिवला. "करून दाखव."

मी रिकामी बाटली घेतली आन् सगळं केलं. हां, तर, आता अल्कोहोल, हनुवटी, डोळे, ट्रॅक्टर. लॅबमधला मामा दाराआड गेला, त्याचे खांदे हलत हुते. माझं झालं तसे सर पहिल्यांदा बोलले, अगदी बारीक आवाजात. "मी खाकरताना बाटली वर उचलतो."

मला ते माहीतच नव्हतं. दोन वर्षं मी त्यांच्या समोरच्या बाकावर बसलो, एक खाकरणं सोडलं न्हाई, आन् हात एकदाबी बघितला न्हाई. हनुवटीच बघत ऱ्हायलो.

मॅडमनी शेवटचं विचारलं, "फ्लॅजेला दिसले का?"

"न्हाई मॅडम. कधीच न्हाई. शेपूट न्हाई, केसं न्हाई, कोट न्हाई. काड्या दिसतात."

"या रंगात या मायक्रोस्कोपखाली ते दिसतच नाहीत," मॅडम म्हणल्या आन् डाव्या हाताचा आडोसा धरून कायतरी लिहिलं.

निकाल लागला. काठावर, पण निघालो. वडलांना फोन केला तर म्हणले, "बरं झालं. त्या मेंढीचं अजून मिटलं न्हाई."

मार्क भिंतीचे मिळाले, का खरं बोलल्याचे, का सरांच्या आवाजाचे, हे मला आजबी कळलेलं न्हाई. एकदा धीर करून सरांनाच विचारलं. सर म्हणले, "न्हाई समजलं तरी लिहून घे." आन् गेले. रागावले हुते का हसत हुते, पाठीवरून काय कळत न्हाई.

आता मी तिसऱ्या वर्षाला हाय. कधी कधी सर मला दुसऱ्या वर्षाच्या बॅचला स्टेनिंग, म्हंजे जंतूंना रंग देणं, दाखवाय लावतात. मी किती ठरवलं तरी अल्कोहोल आलं की हनुवटी खाली जाती. परवा पुढच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "दादा, इथं खाकरायचं कावून?"

"म्हाईत न्हाई," मी म्हणलो. "पण खाकरताना बाटली वर धर."

तिनं वहीत लिहून घेतलं.