अंगठ्याखालचे तीन इंच

"अंबाडा दाबून धरा. केसांची उंची नको."

मला बघायला आलेल्या मुलाची आत्या आईला म्हणाली. मी मनवेलपाड्याच्या आमच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभी. टाचा भिंतीला, मान ताणलेली. सकाळी आईनेच मुद्दाम उंच बांधलेला अंबाडा आता तिनेच तळहाताने चपटा केला.

माणसं वसईची, वाडीवाली. जात एकच. पण त्यांच्या केळीच्या बागा, आमची एक शिलाई मशीन. मुलगा पाच फूट दहा. माझ्या बायोडेटात आम्ही लिहिलं होतं, पाच फूट. मी पोहे घेऊन आले तेव्हाच आत्याबाईंना शंका आली. पप्पा ब्लाऊज शिवतात. त्या दिवशी त्यांनी दाढी केली, नवा शर्ट घातला, आणि सवयीने टेपही गळ्यात अडकवली.

"टेप गळ्यातच आहे की, मास्तर. घ्या मोजून. पाच फुटांखालची सून आमच्यात आली नाही अजून. उद्या पोरं खुजी निघायची."

मुलगा मोबाइल बघत होता.

पप्पांनी टेपचं वरचं टोक आईकडे दिलं आणि खालचं धरून माझ्या पायाशी बसले.

"साठ," ते म्हणाले. "बरोबर पाच फूट."

आत्याबाई वाकल्या.

"अंगठा काढा, मास्तर."

अंगठ्याखाली टेपची घडी होती. तीन इंचांची.

"गिऱ्हाइकांचीही अशीच मापं घेता का?" त्या हसल्या. मुलगाही हसला. पार फुलपाड्याहून बायका पप्पांकडे शिवायला येतात, कारण त्यांचं माप कधी चुकत नाही. तो माणूस माझ्या पायाशी बसून राहिला. उठेचना.

मी विरार स्टेशनबाहेर हुंड्याविरुद्ध पत्रकं वाटणारी मुलगी. घोषणा तोंडपाठ. तरी भिंतीला लागून उभी राहिले, श्वास ओढून. आणि नायगावच्या एका मुलाला मीच फोटोवरून नाकारलं होतं. बुटका आहे म्हणून. तोही कुठल्यातरी भिंतीला असाच उभा राहिला असेल. ऑफिसातली ख्रिस्ती मैत्रीण सांगते, त्यांच्यातही नवरी नवऱ्याच्या खांद्यापर्यंत हवी, कमी नाही, जास्त तर नाहीच. देव वेगळे, टेप तीच.

मी पप्पांच्या हातातून टेप घेतली.

"सत्तावन्न आहे. चार फूट नऊ. मला हे स्थळ नको. पोहे संपवा आणि निघा."

"उंची नाही, आणि तोरा बघा," आत्याबाई म्हणाल्या. पोहे तसेच ठेवून गेले.

पप्पांनी माझ्या हातातून टेप परत घेतली, गुंडाळली. मग म्हणाले, "तीनच इंच तर होते गं."

आता कुणाचं माप घेतलं की ते टेप त्या बाईच्या डोळ्यांसमोर धरतात. "बघून घ्या, ताई." कुणी विचारलेलं नसतं. हे त्या लोकांनी केलं. आणि बायोडेटात पाच फूट लिहू देऊन मीही केलं. हे मी विसरणार नाही, आणि कुणाला विसरू देणार नाही.

बायोडेटा मी नव्याने लिहिला. मुलाच्या उंचीची अट खोडली. माझी उंची सगळ्यात वर, ठळक. चार फूट नऊ.

ज्याला ती कमी वाटते, त्याने आमच्या दाराशी चप्पल काढू नये.