म्हातारीचे शेवटचे सूर

माझ्या ताईचा नवरा पियानो लावायचा. म्हणजे उतरलेल्या तारा किल्लीनं ताणून पुन्हा सुरात आणायचा. शाळांमध्ये, हॉटेलांत, हौशी लोकांच्या घरी. स्वभाव तिरसट, पण कान असा, की शेजारच्या खोलीत कुणी पेला आपटला तरी सूर सांगेल. मी मेहुणी, म्हणजे थट्टेचा हक्क माझाच. मी म्हणायची, "भाऊजी, ताईला पसंत करण्याआधी तिला खोकून दाखवायला लावलंत म्हणे." ते हसायचे नाहीत. ताई हसायची.

रविवारी सकाळी त्यांच्याकडे एक खेळ चाले. नॉक्टर्न म्हणून एक जुनी, हळवी रचना, रात्रीच्या शांततेवर लिहिलेली. तीच एक, पण वेगवेगळ्या वादकांनी वाजवलेली. ताई कव्हर लपवून रेकॉर्ड लावायची. भाऊजी डोळे मिटून वादक ओळखायचे आणि मग त्यांचे नंबर लावायचे. टोपणनावंही त्यांनीच ठेवलेली. एक हातोडा, पियानोशी जुनं वैर असल्यासारखा बडवणारा. एक रडका, सुरासुराला रेंगाळणारा. आणि एक म्हातारी. तिचा नंबर कायम पहिला. शेवटी सूर वर वर चढत जातात, तिथे ती इतकं हळू वाजवायची की आम्ही श्वास रोखून बसायचो.

"कुणाला ऐकू जाईल की नाही, याची तिला भीतीच नाही," भाऊजी म्हणायचे.

मग एका रविवारी म्हातारी घसरली. शेवट गुंडाळलाय, रेकॉर्डच खराब आहे, असं भाऊजींचं म्हणणं. ताईनं नवी आणली. तीही खराब निघाली. पुढे रडकाही शेवट खातो म्हणून बाद झाला. एकेक करत सगळे गेले आणि ज्याची जन्मभर टिंगल केली तो हातोडा पहिला आला. त्याच्यातच म्हणे जीव आहे! मी ताईकडे पाहिलं, तर तिनं मान खाली घातली. हातच्या काकणाला आरसा कशाला?

स्वयंपाकघरात मी तिला गाठलंच. म्हटलं, त्यांचे कान तपासून घे. ती म्हणाली, त्यांना कळलं तर ते जगायचे नाहीत, झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. असा संताप आला मला. अगं, मूठ झाकायला तो माणूस घरात बसतो का? रोज किल्ली घेऊन लोकांकडे जातो. संगीतशाळेतून फोन आला होता की वरच्या पट्ट्या साफ बेसूर लागल्यात. तो हिनंच घेतला आणि हिनंच दाबला. भाऊजींना सांगितलं, शाळेनं दुसरा माणूस ठेवलाय. त्यावर भाऊजी म्हणाले, लोकांना हल्ली कानच राहिले नाहीत. मी तोंड उघडणार होते, पण ताईनं गळ्याची शपथ घातली. आपलेच दात, आपलेच ओठ.

पुढच्या रविवारी भाऊजींनी आपणहून म्हातारी मागितली. ती कुठे चुकते ते त्यांना मला दाखवायचं होतं, म्हणून डोळे उघडे ठेवून बसले. शेवट जवळ आला. "बघ, इथे सोडून दिलं," ते म्हणाले आणि थांबले. रेकॉर्ड अजून फिरत होती. ताई श्वास रोखून बसली होती आणि मीही. ते आमच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहिले.

"अजून वाजतंय?"

"हो," ताई म्हणाली. तिच्या तोंडून निघूनच गेलं.

रेकॉर्ड संपली. मला वाटलं, आता कानांसाठी रडतील. पण त्यांनी शांतपणे विचारलं, "तुला माहीत होतं?"

ताई म्हणाली, तुम्हाला सोसवलं नसतं.

"शाळेतल्या त्या पियानोवर पोरं सूर शिकतात. खोटे सूर भरले मी त्यांच्या कानात. आणि तू रोज सकाळी मला डबा भरून देत होतीस."

किल्ली त्यांनी त्या दिवशीच ठेवून दिली. रविवारचा खेळही संपला. बोललेलं त्यांना अजून ऐकू येतं. दूधवाल्याशी बोलतात, माझ्याशी बोलतात. ताईनं हाक मारली की मात्र भिंतीकडे बघत बसतात. जेवण वाढून झालं की ती मला म्हणते, तूच बोलाव गं त्यांना.