भावकीतल्या वैष्णव्या

भावकी मोठी असली की किस्से जमवावे लागत नाहीत. चाळीत भरून ठेवलेल्या कांद्यांसारखे साठत जातात. वरचे खणखणीत असतात, तळाचे नासायला लागलेले. माझ्या माहेरी, आण्याच्या पठारावर, सख्खे-चुलत मिळून सात भाऊ आणि बहीण मी एकटीच. म्हणजे प्रत्येक बारशाला आत्या मीच! स्वतःला मात्र मूल झालं नाही. 'वैष्णवी' हे नाव मी माझ्या मुलीसाठी जपून ठेवलं होतं. लग्नाच्या वर्षी फक्त दोघांना सांगितलं, नवऱ्याला आणि थोरल्या वहिनीला.

नवरा कुणाला बोलला नाही.

*

त्र्याण्णव साली वहिनीला मुलगी झाली. बारशाला पाळण्यापाशी दादा म्हणाला, "आक्का, नाव तूच ठिवायचं. आमाला वैष्णवी आवडलंय."

वहिनी पदर सारखा करत बसली, वर बघेचना! मला तिचा असा राग आला, अजूनही आहे. पण भरल्या घरात काय बोलणार? वाकले आणि माझ्या मुलीचं नाव तिच्या मुलीच्या कानात सांगितलं. रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

चुलती ओरडली, "अगं बया, येवढ्या जोरात कुणी मारलं गं तिला?"

*

नाव सगळ्यांना लई गोड वाटलं. तीन-चार वर्षांत भावकीत चार वैष्णव्या झाल्या! दर बारशाला मी म्हणायचे, "दुसरं ठेवू या की." कोण ऐकतंय!

एकदा मी माहेरी असताना डोस पाजायला नर्सबाई आल्या. त्यांनी "वैष्णवी!" म्हणून हाक मारली आणि चार आया एकदम उठल्या. नर्सबाई कावल्या. "तुमच्यात दुसरी नावं मिळत नाहीत का हो?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिला इचारा! हीच ठिवती!"

*

आमच्या आईला ते नाव कधी म्हणताच आलं नाही. एक अख्खी दुपार मी तिला शिकवत बसले.

"आई, वैष्... ण... वी."

"तेच म्हणतीय की! वयस्नी!"

"वयस्नी नाही गं, वैष्णवी."

"वयस्नीच की!" शेवटी ती वैतागली. "जाऊ दे, पोरींना कळतंय मी कुणाला हाक मारती ती. तुला व्हईल तवा तिचं सोपं ठिव म्हंजी झालं."

तेव्हा माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मी "बरं" म्हटलं.

*

चुलतभावानं टेम्पो घेतला, त्याच्याही कपाळावर 'वैष्णवी'! नारळ फोडायला मलाच बोलावलं. "तुमी आत्या हाय ना, आक्का!"

माझ्या नवऱ्याचं आळेफाट्याला गॅरेज. टेम्पो कायम तिथंच पडलेला. घर गॅरेजच्या मागंच असल्यानं गिऱ्हाइकांचं सगळं बोलणं ऐकू यायचं. "वैष्णवी लई धूर मारती राव!" "वैष्णवी इकून टाका, तिच्यात काय राह्यलं न्हाय आता!"

नवरा मात्र कधी ते नाव घ्यायचा नाही. "तो पांढरा टेम्पो" म्हणायचा. भावकीत त्याला विसरभोळा समजतात.

*

थोरली वैष्णवी दहावीला आमच्याकडं राहायला आली. पोरगी गुणी, दिसायला थेट वहिनी. एके दिवशी शाळेतून आली आणि दप्तर आपटलं.

"आत्या, वर्गात सहा वैष्णवी आहेत! सर नंबरानं हाक मारतात."

"मग?"

"बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी नाव बदलता येतं म्हणे. पप्पा हो म्हणाले. पण म्हणाले, आत्यानं ठेवलंय, तिलाच विचार." ती माझ्याजवळ सरकली. "मला असं नाव पाहिजे, जे भावकीत कुणाचंच नाही."

मी गवार मोडत होते. नवरा समोर जेवत होता.

"आत्या, तुला मुलगी झाली असती तर तिचं काय ठेवलं असतं गं? ते तर कुणी घेतलं नसंल ना? ते दे मला."

नवऱ्यानं अर्धी भाकरी ताटात ठेवली, हात धुतले आणि गॅरेजकडं निघून गेला.