वेदीच्या कापडावरचा डाग

माझ्या नणंदेचा धंदा इस्त्रीचा. चौकातल्या पत्र्याच्या टपरीत कोळशाची इस्त्री घेऊन वन्सं दिवसाकाठी शंभर कपडे करायच्या आणि महिन्याकाठी जेमतेम शंभर शब्द बोलायच्या. आमच्या चर्चमधलं वेदीचं पांढरं कापड वीस वर्षं त्यांच्याच हातचं. मला ते खुपायचं. महिला मंडळाची सेक्रेटरी मी, आणि कौतुक टपरीवालीचं!

एकदा चर्चमधल्या दर महिन्याच्या प्रभुभोजन विधीच्या आदल्या दिवशी मला त्या कापडावर चुणी दिसली. खरं तर नव्हतीच. मला हवी होती म्हणून दिसली. कापड घरी आणून त्यावर माझी नवी, वाफेची इस्त्री फिरवली. तेवढ्यात फोन वाजला. गप्पा मारून परत येते तो कापड करपलेलं. मुकाट्यानं घडी घातली आणि चर्चच्या कपाटात ठेवून आले.

सकाळी भर मंडळीत घडी उलगडली. महिला मंडळात आधीच दोन तट, एक वन्संचा, एक माझा. लगेच जुंपली. "आम्ही वेगळं मंडळ काढतो," इथवर गेलं. वन्संनी डागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भांडू नका. हात चुकला माझा."

कापडाचं काम माझ्याकडे आलं आणि वन्सं शेवटच्या बाकावर बसू लागल्या. चोर ते चोर, वर शिरजोर म्हणतात, ती मीच.

आमच्यात प्रभुभोजनाआधी, ज्याच्याविषयी मनात काही अढी असेल त्याचा हात हातात घ्यायची रीत आहे. वन्सं दर महिन्याला मागून चालत माझ्यापाशी यायच्या. "शांती असो, वहिनी."

"असो," मी म्हणायचे. लोकांना वाटायचं, बिचारी अजून माफी मागतेय. मी ते तसंच वाटू दिलं.

अकरा वर्षांनी वन्सं गेल्या. माती दिल्यावर मी चर्चच्या पाळकसाहेबांना रडत सगळं सांगितलं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "डागात वाफेच्या भोकांचे पांढरे ठिपके होते. कोळशाच्या इस्त्रीला कुठली भोकं? मी त्याच दिवशी त्यांना विचारलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांनीच थांबवलं. म्हणाल्या, वहिनी आपणहून सांगतील. तोवर हात मीच पुढे करते, त्यांना सोपं जाईल."

अकरा वर्षं, दर महिन्याला. आणि मी तो हात प्रत्येक वेळी नुसता धरून सोडला.