हाताने धरलेली गादी

कुंडलिकमामा बांधलेल्या दोरीवर बोट मारायचे आणि कान द्यायचे. चाकणला आमच्या कंपनीत ट्रकवरचा माल बांधायचं काम त्यांचं. दोरी टणकन वाजली नाही, तर गाडी गेटबाहेर जात नसे. एकदा मी कागदांवर सही करून ट्रक सोडला होता, तरी त्यांनी तो थांबवून सगळा माल पुन्हा आवळला. मी चिडलो, तर म्हणाले, "साहेब, सही तुमची हाय, पन गाठ माझी."

मला त्यांचं कौतुक होतं. पण ते कंपनीपुरतंच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी मी काळेवाडीतली भाड्याची जागा सोडून मोशीच्या नव्या फ्लॅटमध्ये गेलो. मामा सुट्टी असून मदतीला आले. टेम्पो भरून पुढे गेला आणि डबल बेडची गादी तेवढी उरली. वास्तूचा मुहूर्त जवळ आला होता. मी गादी कारच्या टपावर टाकली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीचा एक वेढा दिला. एका खिडकीतून मी, दुसरीतून मेहुणा, असे हाताने धरून नेऊ म्हटलं. सगळेच नेतात.

मामा म्हणाले, "दोन मिंटं थांबा. पट्टा आणतो, पुढनं-मागनं आवळतो. वारं हाताचं ऐकत न्हाई."

"मामा, ही काही कंपनी नाही," मी हसत म्हणालो. मेहुणाही हसला.

मामांनी हेल्मेट चढवलं. स्कूटर काढून आमच्या मागून निघाले, गादीवर नजर ठेवायला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी जरा वेग घेतला. गादी एकदम उचलली गेली, हाताला हिसका बसला आणि मी ती सोडली. आरशात दिसलं ते एवढंच, की गादी मामांच्या अंगावर गेली आणि स्कूटर आडवी झाली.

हेल्मेटमुळे डोकं वाचलं. उजव्या मनगटाचा मात्र चुरा झाला. दवाखान्यात चौकशी झाली तेव्हा मामा म्हणाले, "वाळूवरनं घसरलो." मी शेजारीच उभा होतो. मी मान डोलावली.

त्या हाताने पुन्हा गाठ आवळली गेली नाही. वर्षभरात मामांनी नोकरी सोडली. देहूजवळच्या त्यांच्या घरी सत्यनारायण होता, तेव्हा मामींनी मला पाटावर बसवून टॉवेल-टोपी दिली. "तुमी व्हता म्हणून यांना येळेवर दवाखाना घावला," म्हणाल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. टोपी माझ्या डोक्यावर होती. घातली होती मी त्यांना.

मला राहवेना. "मामी, खरं म्हणजे त्या दिवशी…" मी सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या साहेब," मामा मध्येच म्हणाले. "परसाद घ्या आधी. गार हुतोय."

मी प्रसाद घेतला. शरम वाटली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच मला अधिक लाज वाटते.

मामा गेल्या पावसाळ्यात गेले, साध्या तापाचं निमित्त होऊन. मामी अजून दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात. मी फोन करून सांगतो, चकल्या छान झाल्या होत्या. याच्या पुढचं वाक्य अजून सुचलेलं नाही.