दहा ग्रॅम मागची सुई

एरंडेलबाईंना कारखान्यातून घरी पाठवायचं ठरलं, तेव्हा वहिनीने मोठ्या मनाचा आव आणून विचारलं, "बाई, बावीस वर्षं काढलीत इथं. आठवण म्हणून काहीतरी मागा, संकोच करू नका." वहिनी म्हणजे मालकांची सून. सासऱ्यांनी अंथरूण धरलं आणि लिपस्टिकच्या त्या कारखान्याच्या किल्ल्या तिच्या कमरेला आल्या. बाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि मेण तोलायचा जुना, गंजका वजनकाटा मागितला.

सगळे हसले. नवा, लाल आकडे दाखवणारा काटा आदल्याच दिवशी आला होता, जुना भंगारातच जायचा होता. वहिनीचे तर डोळे पाणावले. "किती जीव हो तुमचा या वस्तूंवर!" ती म्हणाली. बाईंनी काटा पिशवीत घातला, सगळ्यांचा निरोप घेतला आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत हसू कसंबसं दाबून धरलं.

खरं तर त्या आठवड्यात त्यांना हसू येण्यासारखं काही घडलं नव्हतं. जे घडलं ते आधी सांगायला हवं.

बाईंचं काम पातेल्यावरचं. लिपस्टिक म्हणजे निम्म्याहून जास्त एरंडेल तेल, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. चकाकी त्या तेलाची, आणि रंगाची पूड एकसारखी धरून ठेवायची तीही त्यानेच. बाईंच्या केसांना, हातरुमालाला, घरच्या उशीलाही त्याचा वास; म्हणून तर एरंडेलबाई. तेलाला उभं राहायला मेण लागतं. मधमाशीचं मेण कांडीला अंग देतं आणि साच्यातून अलगद सोडवतं. ताडाच्या पानांवरचं कडक मेण उन्हातही कांडीला मान टाकू देत नाही. लोकरीच्या चरबीने ओठ मऊ राहतात, आणि तेल खवट होऊ नये म्हणून ई जीवनसत्त्वाचे चार थेंब. हे सगळं बाई झोपेतही सांगतील.

त्यांच्या मुलीचे ओठ सावळे, कडांना जांभळट. कुठलीही लिपस्टिक लावली की तिच्या ओठांवर राख फासल्यासारखी दिसायची. कॉलेजात मुली हसल्या, तेव्हापासून पोरीने आरशाशी वैर धरलं. बाई खोड ओळखून होत्या. रंग दाट दिसावा म्हणून सगळे त्यात एक पांढरी पूड घालतात, ती गोऱ्या ओठांवर खपून जाते आणि सावळ्या ओठांवर राखेसारखी उठते. सुट्टी झाल्यावर तासभर थांबून, मालकांच्या परवानगीने, बाईंनी तीन वर्षं खटपट केली. पांढरी पूड पार काढून टाकली, तांबड्यात कणभर काळा मिसळला, तीन रुळांच्या यंत्रातून पाच-पाच वेळा दळला. शेवटी एक छटा उतरली. मुलीने लावली, आरशासमोर उभी राहिली आणि बराच वेळ हललीच नाही. ती कृती बाईंनी आपल्या वहीत लिहून ठेवली.

वहिनीने वही "जरा बघायला" नेली आणि परत दिलीच नाही. दोन महिन्यांनी नवी डबी छापून आली. डबीवर वहिनीचा फोटो आणि खाली मजकूर: माझ्या सावळ्या आईसाठी मी स्वतः घडवलेली छटा. वहिनीची आई बाईंनी पाहिली होती, दुधासारखी गोरी होती. बाई वहिनीला एवढंच म्हणाल्या, "ही माझ्या मुलीची छटा आहे. डबीवर तसं लिहा." आठवडाभरात बाईंचं वय झालं असल्याचं वहिनीच्या लक्षात आलं.

आता त्या वजनकाट्याविषयी. त्याची सुई रिकाम्या ताटलीवरही शून्याच्या दहा ग्रॅम मागे पडून असायची. मेण तोलायचं काम एकट्या बाईंचं, त्यामुळे हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. बाई सुई दाखवेल तोच आकडा वहीत लिहीत. कडक मेण तीस लिहिलं की पडायचं चाळीस; मधमाशीचं सत्तर लिहिलं की ऐंशी. सहाशे ग्रॅम तेलात दहाचा फरक कुठे कळतो? पण मेणात तो जिवावर बेततो. रंग मात्र सोनाराकडे असतो तशा चिमुकल्या तराजूवर तोलले जात, म्हणून छटा हुबेहूब उतरणार आणि कुणाला शंकाही येणार नव्हती.

बाई घरी बसून दिवस मोजू लागल्या. इतकी गोड वाट त्यांनी आयुष्यात कशाची पाहिली नव्हती. कांड्या थंड खोलीत ताठ उभ्या राहिल्या, दुकानांत गेल्या, काचेच्या कपाटांत उन्हाला बसल्या आणि घामाघूम झाल्या. अंगावर तेलाचे थेंब, लावायला जावं तर मधूनच वाकणाऱ्या. खोकीच्या खोकी परत येऊ लागली.

एका सकाळी वहिनी स्वतः दारात उभी राहिली. स्वयंपाकघरात स्टुलावर बसली, पिशवीतून दहा-बारा वाकड्या कांड्या काढून ओट्यावर ठेवल्या. बाईंनी एक बोटाने दाबली.

"मेण कमी पडलंय."

"वहीत आहे तेवढंच घातलंय हो, ग्रॅमला ग्रॅम! नव्या काट्यावर तोललंय."

"असेल," बाई म्हणाल्या आणि वहिनीच्या कोपराशी ठेवलेल्या जुन्या काट्यावर बटाटे तोलू लागल्या.

"बाई, परत या. मागाल ते देते."

"डबीवर लिहा. ही छटा पातेल्यावरच्या बाईने आपल्या मुलीसाठी केली."

वहिनी ओशाळली. "आता कसं लिहिणार? सगळीकडे माझाच फोटो गेलाय. लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"मग राहू द्या."

वहिनी रडली, मग चिडली, मग पुन्हा रडली. बाईंनी तिला पाणी दिलं, चहा दिला, वजनकाट्याचं तेवढं सांगितलं नाही. महिन्याभरात ती छटा बंद पडल्याचं कळलं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी ओटा दोनदा पुसला.

मुलगी कामावर निघायच्या तयारीत होती. हातात ती पहिली कांडी, जी बाईंनी स्वतः ओतून दिली होती. नळीच्या तळाशी उरलेला रंग ती काडेपेटीच्या काडीने खरवडत होती.

"आई, सांगून टाक ना वहिनींना काट्याचं. माझी संपलीच बघ, आणि यंत्राशिवाय घरी कुठे होणार?"

"संपू दे," बाई म्हणाल्या.

मुलीने काडी टाकून दिली, रंग न लावलेल्या ओठांनी आरशासमोरून सरळ चालत गेली आणि दार ओढून घेतलं. बाईंनी ती रिकामी नळी उचलून वजनकाट्यावर ठेवली. सुई शून्यापर्यंतही आली नाही.