तोफेचं बीपी

घरात तिला सगळे तोफ म्हणायचे. तिचं आणि दादाचं सोफे दुरुस्त करायचं दुकान होतं. पूर्वी काउंटरवर तीच असायची. “स्प्रिंग आपोआप तुटली म्हणता? सोफ्यावर बसलात की नाचलात?” असं तोंडावर विचारायची, आणि गिऱ्हाईक हसत हसत काम टाकून जायचं.

मग पस्तिशीतच बीपी निघालं. रागाचं आहे, असा सगळ्यांनी निकाल दिला. बाबाही असेच तापट, तेही बीपीनेच गेलेले. दादाने तिला मागच्या खोलीत बसवलं. “तू आपले हात चालव, तोंड नको.”

तिने ऐकलं. मीठ कमी केलं, भांडणं बंद केली. जुन्या फोमच्या धुळीत टाके घालत शब्द गिळत राहिली. नवरा म्हणायचा, “एकदा भांड गं, घर ओकंबोकं वाटतं!” ती नुसती मान हलवायची. बीपी काही उतरलं नाही, गोळ्या तेवढ्या वाढल्या.

शेवटी नव्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करायला लावली. रिपोर्ट घेऊन बहीणभाऊ दोघं गेले.

“दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी आहेत, द्राक्षाच्या घडासारख्या,” बाई म्हणाल्या. “एखादी साधी गाठ पुष्कळांना असते, तिचा सहसा त्रास नसतो. या तशा नाहीत. या फुगतात, आसपासच्या रक्तवाहिन्या दाबतात. रक्त कमी पोचलं की किडनीला वाटतं, अंगातलंच प्रेशर पडलंय. मग ती ते वाढवत सुटते.”

“म्हणजे माझ्या रागाने नाही?”

“नाही हो! पण प्रेशर चढं राहिलं तर किडनी आणखी बिघडते, म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि हा आजार आईवडिलांकडून येतो. दादा, तुमचीही तपासणी करू.”

दादाने घसा खाकरला. “माझी झालीय.”

“कधी?” तिने विचारलं.

“आई गेली त्या वर्षी. बरीच वर्षं झाली. मलाही आहेत गाठी.”

बाहेर जिन्यात तिने कठडा धरला. “मी इतकी वर्षं तोंड शिवून बसले, दादा. तू रोज बघत होतास.”

“तुझ्या काळजीपोटीच गं. सांगितलं असतं तर तुझं बीपी भडकलं असतं.”

“आणि काउंटर आयता मिळाला, ते?”

“गिऱ्हाइकं घाबरायची तुला.”

“गिऱ्हाइकं हसायची. तू घाबरायचास.”

दादा एक पायरी उतरला.

“तुझ्या मुलाला तरी सांगितलंस?”

“त्याला कशाला आत्ता? लग्न ठरतंय त्याचं.”

“परवा तो डोकं ठणकतंय म्हणाला, तर तू त्याला म्हणालास, रागावर ताबा ठेव. मी ऐकलं आतून.” तिने पर्समधून फोन काढला.

“नको ना, हात जोडतो.”

तिने भाच्याला फोन लावला. “अरे, आत्या बोलतेय. थांब, तुझ्या बापाला तुला काहीतरी सांगायचंय.”

फोन तिने दादापुढे धरला. आतून “हॅलो? बाबा?” येत राहिलं. दादाने हात पाठीमागे नेले.

मग ती फोन कानाला लावून स्वतःच सांगायला लागली.